घुशीच्या कोपरावरून जीवाश्म वाचायला शिका: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी बिळवासी प्राण्यांचा अभ्यास

जीवाश्मांचं वेड लागलं की आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा हातोडा घेतो आणि जवळचा डोंगर गाठतो. पारसिक, येऊर, खारघर, जे घराजवळ पडेल ते. आधीच सांगून टाकतो: इथे डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघणार नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा बेसाल्ट, साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळ्यांमध्ये जो गाळ साचला, त्यात मात्र टिकतात. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच गाळात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म सापडले होते. पण उंदीर-घुशींच्या कुळाचे, म्हणजे कृंतकांचे, सर्वांत जुने पक्के जीवाश्म सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि तेही उत्तर अमेरिका-आशियातले. आपला लाव्हा थंड झाला तेव्हा भारत हे समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं बेट होतं आणि त्यावर कृंतक आलेलेच नव्हते. त्यांचे भारतातले सुरुवातीचे अवशेष सापडतात ते गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत. पुढचा मोठा साठा थेट हिमालयाच्या पायथ्याला, शिवालिकच्या थरांत.

मग ठाण्यात बसून हा अभ्यास करायचा कसा? आधी जिवंत जातींच्या हाडांवर डोळा तयार करायचा, मग तोच डोळा घेऊन जगभरच्या संग्रहालयांनी खुल्या केलेल्या जीवाश्मांच्या थ्रीडी स्कॅनकडे जायचं. पहिल्या भागाला लागणारा माल आपल्या शहरांत मुबलक आहे.

वहीची दोन पानं

कामाला लागण्याआधी वहीत समोरासमोरची दोन पानं आखून घ्या. डाव्या पानावर ‘धंदा’, उजव्यावर ‘नातं’. प्राणी काय करत होता हे डावीकडे, तो कुणाच्या कुळातला हे उजवीकडे. एका पानावरचा पुरावा दुसऱ्या पानावर वापरायचा नाही.

माझ्या मते या विषयातली निम्मी गडबड ही पानं एकत्र केल्याने होते. माती खणणं हे काम इतकं कडक आहे की ते करणाऱ्या प्रत्येकाला ते जवळपास सारखाच घाट देतं: आखूड दणकट हात, रुंद डोकं, बारीक डोळे, आखूड शेपटी. ऑस्ट्रेलियातला मार्सुपियल मोल कांगारूच्या बाजूचा, आफ्रिकेतला गोल्डन मोल हत्तीच्या दूरच्या गोतावळ्यातला आणि युरोपातला साधा मोल चिचुंद्रीच्या जवळचा. तिघांना शेजारी ठेवलं तर अनोळखी माणूस त्यांना सख्खी भावंडं म्हणेल. म्हणून हाताची हाडं आणि समोरचे दात धंद्याच्या पानावर; दाढांची नक्षी, कानाजवळच्या हाडांची ठेवण आणि जबड्याचे स्नायू कवटीवर कुठे चिकटतात त्याच्या खुणा नात्याच्या पानावर.

हाडं कुठून आणायची

मेलेला उंदीर उचलायचा नाही. त्याने विष खाल्लेलं असू शकतं आणि लेप्टोची भीती वेगळीच. सगळ्यात स्वच्छ मार्ग घुबडाचा. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांचा घट्ट गोळा तोंडावाटे बाहेर टाकतं. ताजा गोळा काळा, चकचकीत, अंगठ्याहून जाड असतो. जुना करडा आणि ठिसूळ. वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या बंद शेड, जुन्या चाळींचे पोटमाळे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखालची जागा, उड्डाणपुलांच्या खाचा, अशा ठिकाणी खाली पांढरे शिंतोडे दिसले की गोळे शोधा. पिंगळ्याचे गोळे छोटे निघतात आणि त्यात बहुतेक भुंगेऱ्यांचे तुकडेच असतात. आपल्या कामाला ते फारसे उपयोगी नाहीत.

दोन पथ्यं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं, तिथून काहीही उचलून आणायचं नाही. आणि घुबडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. घरट्याजवळ जायचं नाही, पिल्लांवर टॉर्च मारायचा नाही, पक्षी उडून गेल्यावर खाली पडलेलंच उचलायचं. खाजगी जागा असेल तर वॉचमनला सांगून ठेवा. रात्री टाकीखाली बॅटरी घेऊन वाकलेल्या माणसाला सोसायटीत काय काय समजलं जातं ते वेगळं सांगायला नको.

गोळा हातमोजे आणि मास्क घालूनच उचला. घरी आणल्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंश सेल्सियसच्या आसपास ४० मिनिटं ओव्हनमध्ये तापवा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. जुना ओटीजी मिळाला तर उत्तम. फ्रीजरमध्ये ठेवून जंतू मरत नाहीत. पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं: गोळे भिजून विरघळतात, बुरशी धरते आणि लेप्टोचा हंगामही तोच. नंतर कधी ताप आलाच तर उंदरांच्या अवशेषांशी संपर्क आला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळा उघडताना

कोमट पाण्यात डिशवॉशचे दोन थेंब टाकून गोळा भिजत घाला. केस सैल झाले की चिमट्याने, पांढऱ्या ताटलीत, सावकाश सोडवा. घाईत सगळ्यात आधी मोडतात ती खांद्याची पातळ हाडं आणि गालाची कमान, आणि नेमकी ती कमानच आपल्याला हवी असते. मऊ जुन्या टूथब्रशने घासा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास ठेवलं की हाडं पांढरी होतात. कपड्यांचं ब्लीच वापरू नका, त्याने बारीक हाडांचा पृष्ठभाग पिठूळ होतो. सावलीत वर्तमानपत्रावर वाळवा आणि डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्याशिवाय काही टिकत नाही.

डबीवर तारीख आणि जागा लिहा. जागा नसलेलं हाड म्हणजे नुसतं हाड. जीवाश्मांनाही हाच नियम लागू आहे: थराची नोंद नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी उत्क्रांतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

कवटी: उंदीर की चिचुंद्री

गोळ्यात दोन्ही येतात. समोर पटाशीसारखे दोन वर, दोन खाली दात, त्यांच्यामागे मोठी मोकळी जागा आणि मग दाढा, असं असेल तर कृंतक. दातांची रांग सलग, टोकदार आणि गालाची कमान मुळातच नाही, तर चिचुंद्री. ही कमान मोडलेली आहे की नव्हतीच, हे ओळखणं पहिल्या काही कवट्यांत अवघड जातं. मोडली असेल तर दोन्ही टोकांना खडबडीत खुंट राहतात.

कृंतकाचा पुढचा दात जरा निरखा. इनॅमल फक्त पुढच्या बाजूला, मागे मऊ डेंटीन. मागची बाजू लवकर झिजते म्हणून धार आपोआप लागत राहते, आणि दात आयुष्यभर वाढतो. धार लावणारी ही रचना कृंतकांच्या यशाच्या मुळाशी आहे. मात्र फक्त तेवढ्यावर ‘नातं’ लिहू नका. तेलंगणात नस्कलच्या थरांत, म्हणजे आपल्याच दख्खन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात, भारतथेरियम नावाच्या सस्तन प्राण्याच्या उंच, झिजेला तोंड देणाऱ्या दाढा मिळाल्या आहेत. तो गोंडवानाथेर गटातला. या गटातल्या प्राण्यांचे दात कृंतकांची आठवण करून देतात, पण कृंतकांशी त्यांचं नातं नाही; तो वंश संपूर्ण नष्ट झाला.

आता दाढा. दहा रुपयांच्या भिंगातूनही दिसेल: घरच्या काळ्या उंदराच्या दाढांवर वेगवेगळे उंचवटे रांगेत असतात. घुशीच्या दाढांत तेच उंचवटे जुळून आडव्या पट्ट्या झालेल्या असतात. वायव्य भारतातल्या नेसोकिया या आखूड शेपटीच्या घुशीत पट्ट्या आणखी स्पष्ट आणि जमिनीखालचं राहणंही जास्त. तिन्ही एकाच घोळक्यातले. चढणारा उंदीर, खणणारी घूस, जवळजवळ जमिनीतच राहणारी नेसोकिया, अशी ही रांग आहे. कुणी कुणाचा पूर्वज नाही, पण बदल कुठल्या क्रमाने होऊ शकतो याचा अंदाज यावरून येतो.

कोपर मोजा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. एक डिजिटल व्हर्निअर कॅलिपर घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. गोळ्यातून पुढच्या पायाचं अल्ना हे हाड निवडा. लांब, बारीक, एका टोकाला अर्धचंद्रासारखी खोबण. त्या खोबणीत दंडाचं हाड फिरतं. खोबणीच्या वर जो दांडा उरतो तो ओलेक्रेनॉन. टेबलावर कोपर टेकलं की आपल्याला टोचतो तो हाच. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू त्याला धरून हात मागे रेटतो. दांडा लांब असेल तर जोर जास्त, वेग कमी. पहार लांब घेतली की दगड सहज हलतो तसंच. माती उकरणाऱ्याला जोर लागतो, पळणाऱ्याला वेग.

मापं दोन. दांड्याच्या टोकापासून खोबणीच्या मध्यापर्यंत एक. खोबणीच्या मध्यापासून मनगटाकडच्या टोकापर्यंत दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभराने गुणा. समजा पहिलं ५ मिलिमीटर आणि दुसरं २५, तर आकडा २०. दुसऱ्या हाडात पहिलं ७ आणि दुसरं २० निघालं तर ३५, म्हणजे कितीतरी दणकट खणणारा. हे आकडे फक्त गणित दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या घुशीचा आकडा तुम्ही काढा आणि काळ्या उंदराच्या शेजारी लिहा.

टोकं तपासल्याशिवाय मोजू नका. उंदरांच्या हाडांची टोकं बराच काळ सुटी असतात आणि गोळ्यात ती निसटतात. ओलेक्रेनॉनची टोपी गेलेली असेल तर खणणारा प्राणीही आकड्यात पळपुटा दिसतो. गव्हाणी घुबडाला थोराड घूस झेपत नाही, त्यामुळे गोळ्यात मिळणारी घूस बहुधा कोवळीच. डावं-उजवं दोन्ही मोजा.

दंडाच्या हाडावर, ह्यूमरसवर, आणखी दोन गोष्टी बघा. मध्यावर बाहेरच्या बाजूला खांद्याच्या स्नायूची कड असते. खणणाऱ्यात ती उंच आणि खाली सरकलेली. कोपराजवळ आतल्या बाजूचा उंचवटा रुंद असेल तर बोटं आणि मनगट दुमडणारे स्नायू तगडे.

खणायच्या तीन तऱ्हा

सगळे हातानेच खणतात असं नाही. नखांनी उकरणाऱ्यांत वर सांगितलेल्या कोपराच्या खुणा ठळक. दातांनी माती फोडणाऱ्यांत, उदाहरणार्थ आफ्रिकेतल्या नेकेड मोल रॅटमध्ये, पुढचे दात तोंडातून बाहेर पुढे झुकलेले, वरच्या दाताचं मूळ कवटीत दाढांच्याही मागे गेलेलं, गालाच्या कमानी बाहेर फुगलेल्या. तिसरी तऱ्हा डोक्याने माती रेटणाऱ्यांची: कवटीची मागची भिंत उभी न राहता पुढे कललेली आणि रुंद, कारण मानेचे जाडजूड स्नायू तिथे बसतात.

यासाठी कवटीचा बाजूने फोटो काढा, दाढांच्या पातळीत एक रेघ मारा. पुढच्या दाताचं टोक रेघेच्या मागे वळतं, सरळ खाली जातं की पुढे येतं? दुसरी रेघ मागच्या भिंतीवर. एवढ्या दोन कोनांत बरंच कळतं. डोळ्यांच्या बाबतीत मात्र सांभाळून. कृंतकांची डोळ्याची खोबण मागून बंद नसते, त्यामुळे हाडावरून डोळा केवढा होता ते सांगणं फसवं. स्पॅलॅक्स या आंधळ्या मोल रॅटचा डोळा तर कातडीखाली झाकलेला असतो आणि तरी दिवस-रात्रीचं घड्याळ त्यावरच लागतं.

आता जीवाश्म

मॉर्फोसोर्स या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात खातं उघडलं की हजारो नमुन्यांचे स्कॅन बघता येतात. काही थेट उतरवता येतात, काहींना संग्रहालयाची परवानगी लागते. पहिला सराव पॅलिओकॅस्टर या नामशेष कृंतकावर करा, कारण त्याच्याइतका भरपूर पुरावा क्वचित मिळतो.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १८९१ च्या सुमारास भूवैज्ञानिक अर्विन बार्बर यांना जमिनीत उभी, दोन-अडीच मीटर खोल, स्क्रूसारखी पिळदार दगडी रचना मिळाली. त्यांनी तिला डायमॉनेलिक्स नाव दिलं आणि आधी गोड्या पाण्यातला स्पंज, मग वनस्पती ठरवलं. वनस्पती म्हणण्याला आधार होता: दगडाच्या भिंतीत खरोखरच मुळांच्या पेशी दिसत होत्या. ज्वालामुखीच्या राखेतल्या सिलिकाने त्या गोठवल्या होत्या. एडवर्ड कोप आणि थिओडोर फुक्स यांनी १८९३ मध्येच हे बीळ असल्याचं सुचवलं. पुढे तळाच्या खोलीत पॅलिओकॅस्टरचे सांगाडे सापडत गेले. १९७७ मध्ये लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी भिंतीवरचे ओरखडे तपासले. रुंद, चपटे ओरखडे, आणि ते पॅलिओकॅस्टरच्या पुढच्या दातांशी जुळले. म्हणजे तो दातांनी खणत होता. काही बिळं डावीकडे पिळलेली, काही उजवीकडे. एका बिळात झोडिओलेस्टिस हा मुंगसासारखा दिसणारा पण मुस्टेलिड, म्हणजे पाणमांजराच्या गटातला शिकारीसुद्धा मिळाला आहे.

दोन पानं भरा. धंदा: दातांनी माती खणणारा, कोरड्या माळरानावर वसाहती करणारा, सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वीचा. नातं: दाढा आणि कवटी सांगते, बीव्हर. आजचा बीव्हर नदीत बांध घालतो आणि झाडं पाडतो; त्याच कुळातला हा माळावर भुयारं खणत होता. फक्त डावं पान वाचणाऱ्याने त्याला प्रेअरी डॉग, म्हणजे माळावर वसाहती करून बिळात राहणारी खार, म्हटलं असतं.

दुसरा सराव सेराटोगॉलस. नाकावर शिंगांची जोडी असलेला नामशेष कृंतक, शिंग असलेल्या ज्ञात सस्तनांत सर्वांत छोटा. शिंगांनी माती खणत असेल असं वाटणं साहजिक आहे. २००५ मध्ये सामंथा हॉपकिन्स यांनी शिंगांची जागा आणि दिशा तपासली: ती वर आणि मागे सरकलेली आहेत, तिथून माती उकरणं जमणार नाही, शिकाऱ्यापासून बचाव हे कारण त्यांना जास्त पटलं. खणायचं काम डोकं आणि नखं करत होती, तो पुरावा कवटीच्या रुंद मागच्या भिंतीत आहे. एखादा अवयव चमत्कारिक दिसला म्हणून त्याच्यावरच सगळा धंदा लादायचा नाही, हे या प्राण्यावरून नीट कळतं.

तिसरा आपल्या जवळचा. शिवालिकच्या थरांतले बांबू रॅट या बिळवासी कृंतकाचे नातेवाईक. जुन्या थरांतल्या कॅनिसॅमिसच्या दाढा बुटक्या आणि खणण्याच्या खुणा फारशा नाहीत. वरच्या, नव्या थरांत दाढा उंच होतात आणि बिळवासी रूपं दिसू लागतात. याच प्रदेशात सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी जंगल मागे हटून गवताळ प्रदेश पसरला, हे मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) माहीत आहे. मोकळं माळरान म्हणजे लपायला जागा कमी, पण जमिनीखाली कंद-मुळं भरपूर. आणि मातीसकट खाणाऱ्याच्या दाढा लवकर झिजतात, म्हणून उंच दाढा. हीच गोष्ट वेगवेगळ्या खंडांवर वेगवेगळ्या कुळांनी पुन्हा पुन्हा केली.

कृंतकांच्याही आधी हे होत आलं आहे. कोलोरॅडोतला फ्रूटाफॉसर १५ कोटी वर्षांपूर्वीचा, चीनमधला डोकोफॉसर १६ कोटींचा. दोघांचे हात खणायचे आणि दोघांचाही आजच्या कुठल्याच मोलशी जवळचा संबंध नाही. डायनोसॉरच्या पायाखाली सस्तन प्राणी नुसते दडून बसले होते हे जुनं चित्र या सांगाड्यांनी बदललं. डायनोसॉर संपवणाऱ्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या संकटात बिळात आणि पाण्यात राहणारे तगले, असंही एक मत आहे. पटण्यासारखं आहे, पण ते डाव्या पानावर पेन्सिलने लिहा.

बीळ आणि थर: एक सापळा

खाडीकाठच्या बांधावर किंवा शीळफाट्याकडच्या भातखाचरात घुशीचं बीळ दिसलं तर तोंडाची रुंदी, बाहेर टाकलेल्या मातीचा ढीग आणि भिंतीवरचे ओरखडे मोजपट्टी ठेवून टिपा. हात घालायचा नाही. रिकाम्या बिळात घोणस किंवा नाग बसतो. आता विचार करा: ही घूस बिळात मेली तर तिचं हाड जुन्या थरात, शेकडो वर्षांपूर्वीच्या खापरांशेजारी सापडेल. उत्खननात हे नेहमी होतं आणि जीवाश्मांतही. बिळवासी प्राण्याचा सांगाडा अख्खा मिळतो हा फायदा, पण तो भोवतीच्या दगडापेक्षा नवा असू शकतो हा तोटा. म्हणून जीवाश्माच्या किंवा उत्खननाच्या अहवालात बिळातल्या भरावाचा रंग आणि पोत वेगळा आहे का, हे आधी शोधा.

पुढचा अभ्यास म्हणून स्पॅलॅसिडी हे बिळवासी कृंतकांचं एकच कुळ घ्या. त्यातला झोकर नखांनी खणतो, स्पॅलॅक्स दात आणि डोक्याने, बांबू रॅट दात आणि नखं दोन्हींनी. तिघांची अल्ना आणि कवटीच्या बाजूचे फोटो जमवा, वर सांगितलेले कोन आणि मापं काढा. स्कॅन उतरवताना एकक मिलिमीटर आहे का ते बघून घ्या, नाहीतर झोकर गेंड्याएवढा निघतो, आणि संग्रहालयाने घातलेल्या अटी वाचल्याशिवाय चित्र पुढे कुठे टाकू नका.